कुलपाचं माहेर

६ फेब्रुवारी

वही पुन्हा उघडावी असं काहीतरी आज घडलं.

दुकानात एक बाई आली. मागत होती कुलूप, पण तिला हवा होता न्याय. आमचे चिरंजीव ज्या रुग्णवाहिकेवर चालक आहेत, त्याच गाडीवर ती परिचारिका आहे. सगळे तिला सिस्टरच म्हणतात. गाडीत पुढच्या दोन आसनांच्या मधे एक प्लॅस्टिकचा खण असतो. त्यात भाजलेल्या, मोडलेल्या माणसांना द्यायची तीव्र दुखण्यावरची इंजेक्शनं ठेवतात. मागे ठेवली तर रोग्याचे नातेवाईक घुसतात, सामानाची नासधूस होते, म्हणून पुढे. हल्ली त्यातल्या कुप्या नाहीशा होऊ लागल्या आहेत. खणाला साधी कडी नाही, गाडीत दिवसभर माणसं चढतात-उतरतात, तरी संशय एकट्या सिस्टरवर. का, तर सुई धरता येते ती तिला.

‘व्यवस्थापक म्हणालेत, आणखी एक कुपी गेली की मला काढणार,’ ती म्हणाली. ‘घरात कमावणारी मी एकटी, काका. आई अंथरुणाला खिळलेली. मला असं कुलूप द्या, की कोणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही.’

‘चिरंजीव काही बोलले नाहीत मला.’

‘किती वेळा म्हटलं त्याला, वडिलांना विचार. विसरतो.’

मग मी बोललो. कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहून बोलायचो तसाच. म्हटलं, या जगात संशय नेहमी उताराने वाहतो. वरच्याच्या टेबलावरून निघतो आणि सगळ्यात कमी पगाराच्या माणसापाशी येऊन साचतो. म्हटलं, नुसतं कुलूप कशाला, कुलपाची अख्खी पेटी मी फुकट करीन, पण गाड्या चालवणाऱ्या तुमच्या समितीपुढे उभा राहून बोलणारही मीच. सिस्टरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘पण पेटी कधी मिळेल?’

ही चहा घेऊन बाहेर आली होती. सिस्टर गेल्यावर म्हणाली, ‘कसली इंजेक्शनं म्हणे?’

सांगितलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं.

८ फेब्रुवारी

गाडी पाहून आलो. मापं घेतली.

जागा अवघड आहे. हातब्रेकचा दांडा मधेच वर येतो, गिअरला हात जायला मोकळीक हवी, आणि सिस्टरला चालत्या गाडीत, हातमोजे घालून, एका हाताने झाकण उघडता यायला हवं. दुसऱ्या हाताने तिने रोगी धरलेला असतो. या गाडीत तिजोरी कामाची नाही. घट्ट पण चटकन उघडणारं असं काहीतरी हवं, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती आहेत.

चिरंजीव सुकाणूवर डोकं टेकून पडले होते. गेल्या वर्षी गाडी उलटली तेव्हापासून त्याची पाठ धरलेली आहे. इस्पितळातून घरी आला तो अर्धाच आला असं ही म्हणते. मी हाक मारली तेव्हा त्याने मान वर केली. गाडीत अंधारच होता, तरी डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. झोप पुरत नसणार.

‘बाबा, कशाला या भानगडीत पडता,’ तो म्हणाला.

‘तुझ्या गाडीवरच्या बाईवर आळ आलाय. तुला काहीच वाटत नाही?’

‘वाटतं ना,’ म्हणाला, आणि दंडावरची बाही खाली ओढून पुन्हा डोळे मिटले.

माझ्या वयाच्या पंचविशीत असा आळ कोणावर आला असता तर मी कारखाना बंद पाडला असता. ही पिढी थकलेलीच जन्माला आली आहे.

११ फेब्रुवारी

आज पत्रेवाल्याकडे. आमची मैत्री जुनी आणि तिचा पाया परस्परांना नावं ठेवणं हा. मी आत पाऊल टाकलं तसा तो आपल्या भट्टीला म्हणाला, ‘विझ बाई आता. वक्ते आले, ऊब देतील.’

जाड पत्रा घेतला. झाकणाला आतून वळवलेला ओठ काढला, म्हणजे पहार घालायला फट मिळणार नाही. बिजागरी आत लपवली. पेटी गाडीच्या तळाला ज्या बोल्टांनी आवळायची, त्यांची डोकी पेटीच्या आत. उघडल्याशिवाय ती सुटायची नाही. आतून रबराचं अस्तर, कुप्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. वर कोपर टेकायला गादी, कारण चालकाला कोपर टेकायला जागा नसेल तर तो चार दिवसांत पेटी उपटून टाकील असं पत्रेवाल्याचं मत. ते मला पटलं.

‘आणि कुलूप?’ त्याने विचारलं.

‘ते माझं.’

‘म्हणजे उघडणार नाही. तुमचं तोंड सोडलं तर तुमच्या घरातलं काहीच सहज उघडत नाही.’

१५ फेब्रुवारी

कुलूप झालं. पाच पाती. चावीचे दाते पाचही पाती नेमक्या उंचीवर उचलतात तेव्हाच खटका सरकतो. गाडी ब्रेक लावते, खड्ड्यात आदळते, त्या धक्क्याने पाती हलू नयेत म्हणून ती दाबून धरणाऱ्या कमानी नेहमीपेक्षा कडक घातल्या.

आता एक गोष्ट, जी आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. बाबा कुलपं करायचे तेव्हा प्रत्येक कुलपाला एक माहेर ठेवायचे. हा त्यांचा शब्द. कुलूप कोणाच्याही दाराला जावो, चावी हरवो, मोडो, ते करणाऱ्याच्या हातात परत आलं की मुकाट उघडलं पाहिजे. त्यासाठी मागच्या रिवेटांपैकी एक पोकळ ठेवायची. त्यातून टोकाला वाकवलेली तार घातली की सगळी पाती एकदम उचलली जातात. बाहेरून चारही रिवेटा सारख्याच दिसतात. बाबा म्हणायचे, माहेर नसलेलं कुलूप म्हणजे कोठडी. कोणाला माहेर नको असेल, तर ती रिवेट वितळलेल्या कथलाने झाळून बुजवायची आणि झाळीची चमक मारायला वरून अंगठ्याने काजळी फासायची. हेही घरचंच. मी ते चिरंजीवांना शिकवलं तेव्हा तो एवढासा होता आणि दिवसभर काळा अंगठा सगळ्यांना दाखवत हिंडला होता.

या पेटीला माहेर ठेवावं का, यावर आज मी स्वतःशी भांडलो. एका बाजूने, ही चोरापासून राखायची पेटी. दुसऱ्या बाजूने, भाजलेलं पोर मागे किंचाळतंय आणि चावी सापडत नाही, तर? दुसरी बाजू जिंकली. शिवाय जे कुलूप कोणत्याच परिस्थितीत माणसाला दाद देत नाही, ते मी माझ्या हाताने करणार नाही.

जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘या वेळी नका ठेवू माहेर.’

‘का?’

‘उगीच.’

‘उगीच म्हणजे? काही कारण असेल ना.’

‘तुम्हाला कारणं लागतात,’ म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. चिरंजीव समोरच बसले होते. त्याने भाकरीचा एक तुकडा तेवढा मोडला होता.

२० फेब्रुवारी

पेटी बसली. समितीची सगळी मंडळी गाडीभोवती जमली होती. व्यवस्थापकांनी स्वतः पाना घालून झाकण उचकटायचा प्रयत्न केला आणि बोट चेमटवून घेतलं. पत्रेवाल्याने पहार लावली, पहार घसरली. मग मला बोलायला सांगितलं.

मी म्हणालो, ‘या पेटीत आजपासून औषध राहील आणि त्या औषधाबरोबर एका बाईचं नावही राहील. एक चावी तिच्या गळ्यात, दुसरी व्यवस्थापकांच्या कपाटात मोहोरबंद. चावीशिवाय ही पेटी कोणी उघडून दाखवावी. मी हातोडी खाली ठेवीन आणि पुन्हा उचलणार नाही.’

टाळ्या पडल्या. सिस्टरने चावी गळ्यात घातली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. माहेराचं मी बोललो नाही. ते सांगायचं नसतंच. सांगितलं तर ते माहेर राहत नाही, चव्हाटा होतो.

चिरंजीव गाडीच्या पलीकडे उभे होते. टाळ्या वाजवत नव्हते. बापाचं कौतुक करायला या वयात पोरांना लाज वाटते.

२ मार्च

इतक्या दिवसांत एक कुपी हलली नाही. सिस्टर रस्त्यात भेटली तेव्हा चावी उचलून दाखवली आणि हसली. या बाईला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

घरी मात्र चिरंजीव आजारी. नाक वाहतंय, घाम सुटतो, लगेच थंडी वाजते, पायांत गोळे येतात म्हणून भिंतीला लाथा मारतो. पोटात काही ठरत नाही. मी म्हटलं डॉक्टरला बोलवू, तर दोघंही एकदम नाही म्हणाले, तो आणि त्याची आई. ही त्याच्या उशाशी बसून आहे, जणू तो पुन्हा तान्हा झालाय. सर्दीपडशाने एवढा तरणाबांड मुलगा असा लोळतो. मी त्याला म्हटलं, ‘जरा मन घट्ट कर.’ त्याने माझ्याकडे पाहिलं ते कुठल्या विहिरीतून पाहावं तसं.

५ मार्च

सकाळी चिरंजीव कामावर गेले आणि संध्याकाळी उड्या मारत परत आले. आजार पळाला. आईला म्हणाला, ‘भूक लागलीय, भांडंच दे समोर.’ माझ्या जुन्या भाषणांच्या नकला केल्या, मी पोट धरून हसलो. ही मात्र हसली नाही. तोंडात पदर धरून बसली होती. म्हटलं, पोरगं बरं झालं तरी बाईच्या जिवाला चैन नाही.

हे लिहून वही मिटली होती, तेवढ्यात व्यवस्थापकांचा माणूस आला. पेटीतल्या दोन कुप्या गेल्या. कुलूप शाबूत, झाकण शाबूत. कपाटातल्या चावीची मोहोर तशीच. सिस्टरला घरी बसवलं आहे.

६ मार्च

सिस्टर आली. बसली नाही.

‘काका, तुम्हीच म्हणालात ना, चावीशिवाय उघडत नाही. तेच तुमचं वाक्य मला वाचून दाखवलं त्यांनी. लिहून ठेवलंय.’

‘चावी कोणाला दिली होती?’

‘अंघोळीलासुद्धा काढत नाही मी.’

‘नीट आठवून बघा.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘तुम्हीही?’ म्हणाली आणि निघून गेली.

वहीत खोटं लिहायचं नाही असं मी पूर्वी ठरवलेलं आहे, तेव्हा लिहितो. ती गेल्यावर माझ्या मनात आलं की कदाचित तिनेच नेल्या असतील. घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, दुखणं आहे. माणूस काय करील सांगता येत नाही. ज्या बाईसाठी मी टाळ्या घेतल्या, तिच्यावर पंधरा दिवसांत मीच संशय घेतला. आणि तो उताराने वाहत कसा येतो हे इतरांना सांगणारा मीच.

माहेराचाही विचार केला. ते ठाऊक असणारे कोण? बाबा गेले. मग मी, ही आणि चिरंजीव. म्हणजे बाहेरचं कोणी नाही.

९ मार्च

दुपारी ही दुकानात आली. तिने माझ्या पाटावर एक तार ठेवली आणि म्हणाली, ‘धुण्यात सापडली. त्याच्या विजारीच्या खिशात.’

टोकाला वाक. आमच्या घरचा.

ती जायला वळली. म्हटलं, ‘तुला कधीपासून ठाऊक आहे?’

‘इस्पितळातून आला तेव्हापासून. तिथे द्यायचे ना त्याला, पाठीसाठी.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही भाषण केलं असतंत,’ ती म्हणाली. यात राग नव्हता. नुसतं जे आहे ते सांगत होती.

१० मार्च

सकाळी तो दाढी करत होता. मी मागे जाऊन उभा राहिलो. आरशात आम्ही दोघं. हजार माणसांपुढे माझी जीभ अडखळलेली नाही, इथे एक वाक्य सुरू होईना. शेवटी एवढंच म्हणालो, ‘परवा समितीची चौकशी आहे. मी जाणार आहे. पेटीला माहेर आहे हे सांगणार आहे.’

वस्तरा थांबला. ‘नका सांगू, बाबा.’

‘एका निरपराध बाईची भाकरी जातेय.’

‘तसं नाही. त्याचा आता उपयोग नाही. आता पुन्हा तसं होणारच नाही.’

‘चोरी उघडी पडते म्हटल्यावर सगळेच असं म्हणतात,’ मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून गेला. त्याने वस्तरा खाली ठेवला. फेस वाळेपर्यंत तसाच उभा होता.

माझं ठरलं आहे. मुलाचं नाव घ्यायचं नाही. म्हणायचं, कुलपात दोष मी ठेवला, दोष माझा, बाई निर्दोष. तारेचं प्रात्यक्षिक दाखवायचं. कोणीही तार घालू शकतं एवढं सिद्ध झालं की सिस्टर सुटते, आणि मुलगाही वाचतो. दुपारभर याच बोलण्याची जुळवाजुळव केली. बरी झाली आहे. सत्य आहे, आणि कोणाला मारणारं नाही.

१२ मार्च

सावकाश लिहायला हवं.

समितीपुढे मी उभा राहिलो आणि माहेराचं सांगितलं. बाबांचं, घरच्या रीतीचं, पोकळ रिवेटीचं. चांगलं बोललो. बोलताना जाणवलं की समोरचे गालातल्या गालात हसताहेत. व्यवस्थापक म्हणाले, ‘वक्ते, फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात उघडत नाही. तेव्हाही आम्हाला पटलं. आज म्हणता उघडतं. आजही पटतंय. हीच तर पंचाईत आहे तुमची.’

‘बोलणं राहू द्या. गाडीपाशी चला, उघडून दाखवतो.’

सगळे खाली आले. चिरंजीव गाडीचं दार धरून उभे होते, हातात पुसायचं फडकं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या आसनावर गुडघा टेकला, खिशातून तार काढली, पेटीच्या मागच्या बाजूला हात घातला आणि बोटांनी रिवेटा मोजल्या. उजवीकडची खालची.

तार आत जाईना.

मी पुन्हा लावली. मग चारही रिवेटांना लावून पाहिली. चारही भरीव. मागून कोणीतरी खाकरलं. मी वाकून पाहिलं, हात पुसला, तर माझा अंगठा काळा झाला होता. काजळी.

झाळून बुजवलेलं. सुबक, एक थेंब ओघळलेला नाही, आणि चमक मारायला वरून अंगठा फिरवलेला. मीच शिकवलेलं काम, माझ्याहून चांगलं केलेलं.

‘काय झालं?’ व्यवस्थापक म्हणाले.

‘हे बुजवलंय,’ मी म्हणालो. ‘इथे होतं. कोणीतरी बुजवलं.’

‘कोणी?’

प्रश्न एका शब्दाचा होता आणि उत्तरही तेवढंच होतं. ते उत्तर हातभर अंतरावर फडकं पिळत उभं होतं. त्याने तोंड उघडलं. तो बोलणार होता, हे मी शपथेवर लिहितो. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. इतकी कमी, की ती फक्त त्यालाच दिसावी.

‘काका,’ सिस्टर म्हणाली, ‘सांगा ना.’

मी उभा राहिलो. फाटकावर, मैदानात, न्यायालयाच्या पायऱ्यांवर कधी गप्प न बसलेला मी, तिथे गप्प बसलो.

‘बाईंची दया येणं समजू शकतो,’ व्यवस्थापक म्हणाले, ‘पण त्यासाठी स्वतःच्या मालाला नावं ठेवायची? पेटी उत्तम आहे. तिला चावीच लागते, हे तुम्ही आज पुन्हा सिद्ध केलंत.’

सिस्टरला काढलं. मुकाट गेली तर तक्रार करणार नाहीत, एवढी मेहरबानी. तिने गळ्यातली चावी काढून गाडीच्या टपावर ठेवली.

१३ मार्च

‘कधी बुजवलंस?’

‘त्याच दिवशी. पाच तारखेला. दोन काढल्या आणि तिथेच बसून बुजवलं.’

‘पुरावा लपवायला?’

‘मला परत जाता येऊ नये म्हणून.’ मग म्हणाला, ‘मी पहिल्यांदा काहीतरी बरोबर केलं असं वाटलं होतं, बाबा. त्या संध्याकाळी मी खरंच खूश होतो. तुमच्या नकला केल्या ना.’

मी भिंतीकडे बघत होतो.

‘काल मी सांगणार होतो,’ तो म्हणाला. ‘तुम्ही मान हलवलीत. आज जाऊ का? दोघं जाऊ. तुम्ही बोला, मी उभा राहतो.’

आतून हिचा आवाज आला. ‘त्याची नोकरी गेली की तो दिवसभर घरात राहील. आणि घरात राहिला की काय होईल ते मला माहीत आहे. तुम्हाला नाही.’

‘आणि त्या बाईचं काय?’ मी म्हणालो.

ही दारात आली. तिचे हात ओले होते. ‘तिचं वाईट झालं,’ म्हणाली. ‘मला झोप येत नाही. पण जाऊ नका.’

मी म्हणालो, विचार करतो. आजवर विचार करतो असं जे म्हणतात, त्यांना मी भ्याड म्हणत आलो.

१८ मार्च

सोमवारी जायचं ठरवलं होतं. सोमवारी व्यवस्थापक बाहेरगावी होते. मंगळवारी याला पुन्हा थंडी भरली, पायांत गोळे. या वेळी मी स्वतः त्याचे पाय दाबत बसलो. आता मला ठाऊक होतं ती सर्दी नाही. तो दात आवळून म्हणाला, ‘बोला ना काहीतरी, बाबा. काहीही. तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं.’

त्याला लहानपणी शिकवलेल्या कुलपांची नावं एकामागून एक सांगत राहिलो.

आज त्याला बरं आहे. गाडीवर गेला. पेटी तर बंद आहे, मग बरं कशाने वाटलं, हे मी विचारलेलं नाही.

२३ मार्च

सिस्टर दुकानात आली. हातात लोखंडी ट्रंक, कडी तुटलेली. भाड्याची खोली सोडतेय, आईला घेऊन लांबच्या भावाकडे जायचंय. ट्रंकेला कुलूप हवं होतं. गावात दुसरी दुकानं आहेत, पण ती माझ्याकडेच आली.

‘याला माहेर ठेवू नका,’ ती म्हणाली.

माझे हात थांबले. ‘तुम्हाला ते खरं वाटलं?’

‘तुमचा अंगठा काळा झालेला मी पाहिला. आणि कुप्या गेल्या त्या सकाळी त्याचाही काळा होता. स्टिअरिंगवर डाग पडलेला. म्हटलं, ग्रीस असेल.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘माझं कोणी ऐकलं असतं?’ तिचा आवाज चढला नाही. ‘तुमचं ऐकलं असतं. एरवी किती छान बोलता तुम्ही, काका. मी पहिल्यांदा आले त्या दिवशी, मला वाटलं, चला, कोणीतरी आहे.’

मी कडी बसवली. कुलूप केलं. चार भरीव रिवेटा, तिच्या समोर ठोकल्या, तिला हात लावून बघायला दिल्या. पैसे घेतले नाहीत. तिने मोजून पाटावर ठेवलेच.

दारातून मागे वळून म्हणाली, ‘त्याचे डोळे बघत जा. बाहुली टाचणीएवढी दिसली की समजा, घेतलंय. आणि दवाखान्यात न्या. नुसतं बंद करून नाही सुटत ते. कुठून ना कुठून वाट काढतं.’ मग म्हणाली, ‘गाडी फार चांगली चालवतो हो तो. मागे रोगी असला की एक धक्का बसू देत नाही.’

माझ्यासाठी तिच्याजवळ आणखी काही नव्हतं. असतं तरी ते ऐकायची माझी लायकी नव्हती.

२ एप्रिल

व्यवस्थापक स्वतः आले होते. पेटीने चोर पकडून दिला, अशी सगळीकडे वाहवा झाली म्हणे. उरलेल्या चार गाड्यांनाही तशाच पेट्या हव्यात. ‘आणि लावायच्या दिवशी छोटासा समारंभ करू. तुम्ही दोन शब्द बोला.’ त्यांच्याबरोबर नवी सिस्टर होती. नुकतीच शिकून आलेली पोरगी. चावी तिच्या गळ्यात. पेटी दाखवून मला म्हणाली, ‘ही आहे म्हणून मला काही भीती नाही, काका.’

मी नाही म्हणणार होतो. चिरंजीव शेजारी उभे होते. म्हणाले, ‘बाबा, मी सुट्टी काढतो. दोघं मिळून करू.’ हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हो म्हणालो.

९ एप्रिल

आठवडाभर आम्ही एका पाटावर बसून काम केलं. तो लहान होता त्यानंतर पहिल्यांदाच. पत्रेवाला येऊन म्हणाला, ‘वक्ते, पोरगं तुमच्यापेक्षा सरळ कापतं. आणि मुख्य म्हणजे कापताना बोलत नाही.’ तिघं हसलो. दवाखान्याचं मी दोनदा काढलं. तो म्हणाला, या पेट्या होऊ द्या, मग जाऊ. ही दोन वेळा दुकानात चहा घेऊन आली. आज तिच्या चेहऱ्यावर मला काहीतरी जुनं दिसलं.

पेट्या पाठवायच्या आधी मी सवयीने प्रत्येकीच्या मागे बोट फिरवलं. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीची उजवी खालची रिवेट नखाला लागली. पोकळ.

‘ही अशी कशी?’ मी विचारलं.

तो कानस पुसत होता. वर न बघता म्हणाला, ‘आपल्या घरची रीत ना, बाबा.’

झाळायचं सामान समोर होतं. काजळीची डबी समोर होती. मला एवढंच म्हणायचं होतं की इकडे बघ, उजेडात ये, डोळे बघू दे. पुरते दहा शब्दही झाले नसते. ही दारात कप घेऊन उभी होती, आणि ती श्वास धरून माझ्याकडे बघत होती.

‘रीत आहे खरी,’ मी म्हणालो.

चारही पेट्या संध्याकाळी टेंपोतून गेल्या. उद्या समारंभ आहे. मला दोन शब्द बोलायचे आहेत.